भिंतीतली रिकामी जागा

म्युनिक

ती. अण्णा,
नमस्कार, अगदी वाकून. फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र.

काल आमच्या लॅबमध्ये चक्क नाच झाला. मागे सांगितलं होतं ना, सूर्यासारखी ऊर्जा देणाऱ्या भट्टीला आतून टंगस्टनची भिंत असते? हायड्रोजन हे त्या भट्टीचं इंधन, पण तो भिंतीतच मुरतो. धातूत जिथे एखादा अणू कमी असतो, त्या खड्ड्यात जाऊन बसतो आणि हलत नाही. म्हणून वर्षभर आम्ही धातू शुद्ध करायच्या मागे लागलो होतो.

एका तुकड्यात ऑक्सिजनची भेसळ राहिली. मी तो फेकणारच होते, आणि नेमका त्यातच हायड्रोजन सगळ्यात कमी मुरला. खड्ड्यात ऑक्सिजन आधीच बसला होता ना, मग याला जागा कुठली? पुन्हा करून पाहिलं, तेच. मी अजून हवेत आहे अण्णा. कार्बनने मात्र उलटंच केलं, तेव्हा बसवायचं कोणाला ते बघावं लागतं.

जेवता ना वेळेवर? शेजारच्या शेवंतीकाकू म्हणाल्या, आई गेल्यापासून तिच्या खोलीचं दार लावून तुम्ही आत बसून असता. दशरथकाकांच्या मानसीला आपल्या घाटकोपरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तर आपल्याकडे राहायला येऊ का विचारल्यावर तिला म्हणे 'जागा नाही' सांगितलंत.

हे पत्र मी कणकवलीला मानसीकडेच पाठवलंय. ते तुमच्या हातात देऊन ती बॅगेसकट दारात उभी असेल. आधी तिला आत घ्या.

तुमची,
गार्गी