काहीच न उगवलेली प्लेट

मालापाडा, ता. चोपडा
४ नोव्हेंबर २०२४

ती. रोहिदासकाकांना ललिताचा सा. न. वि. वि.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत, म्हणून आई अजून रुसलेली आहे. फोन करायचा तर इथे टेकडी चढावी लागते आणि वर पोचले की तुमचा फोन प्रयोगशाळेत बंद असतो. म्हणून धुळ्याच्या गाडीने बर्फाची पेटी पाठवते आहे आणि तिच्यासोबत हे पत्र.

पेटीत आमच्या बचत गटाच्या शेडचे नमुने आहेत. दोन खोल्या, प्रत्येकीत सव्वाशे कोंबड्या. अंडी आश्रमशाळेत जातात, एकशे ऐंशी मुलांसाठी. मुख्याध्यापिका दिपमाला वळवी बाईंनी मागच्या महिन्यात विचारलं की अंडी तपासलेली असतात का. मी पशुसखीचं प्रशिक्षण घेतलेलं, मग मान खाली कशी घालणार? दर महिन्याला तपासून देईन असं लिहून सही केली.

तुम्ही शिकवलं तसे प्रत्येक खोलीत नवे कापडी मोजे पायात चढवून फिरले आणि विष्ठा लागलेले ते मोजे वेगवेगळ्या पिशव्यांत बंद केले. बाबा दारात उभे राहून हसत होते. कोंबड्यांशी लग्न लावतेस का, किती फेरे घेणार, असं विचारत होते. मला काळजी नाही. एकही कोंबडी मरगळलेली नाही.

काकूंना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.
आपली, ललिता


धुळे
११ नोव्हेंबर २०२४

चि. ललिता हिला काकाचे अ. उ. आ.

नमुने तू उत्तम घेतलेस. एकवीस वर्षं या प्रयोगशाळेत काढली, पण पिशव्यांवर इतकं सुवाच्य अक्षर क्वचित पाहिलं.

आता मुद्द्याचं. दुसरी खोली ठीक आहे. पहिल्या खोलीच्या मोज्यांत साल्मोनेला निघाला. आमच्या डॉक्टर मॅडमनी दोनदा पाहून खात्री केली. हा जंतू मोठ्या कोंबडीला बहुधा काही करत नाही. ती खाते, पिते, अंडी घालते आणि अंड्यातून तो बाहेर जातो. अंडं नीट उकडलं तर तो मरतो, पण एकशे ऐंशी अंडी घाईत उकडताना दहा-वीस कच्ची राहतातच. लहान पोरांना ते बाधू शकतं.

हे पत्र मिळेल त्याच दिवशी शाळेत जाऊन सांग. दुसऱ्या नमुन्याची वाट बघू नकोस. दुसरं, कोंबड्यांना कसलंही अँटिबायोटिक देऊ नका. त्याने रोग जात नाही, जंतू फक्त लपतो आणि चाचणी फसते. आठवड्याभरात दोन्ही खोल्यांचे नमुने पुन्हा पाठव.

धीर सोडू नकोस. वेळेवर सापडलं हीच तपासणीची कमाई. वहिनींना म्हणावं, रुसवा संक्रांतीपर्यंत जपून ठेवा, मी येतो आहे.
तुझा, रोहिदासकाका


मालापाडा
१८ नोव्हेंबर २०२४

ती. काकांना सा. न. वि. वि.

पत्र मिळालं तशी शाळेत गेले. दिपमालाबाईंनी तुमच्या तपासणीचा कागद वाचला आणि विचारलं की कोणी आजारी पडायच्या आधी हे सांगायला आलीस का. मी हो म्हटलं. त्यांनी त्याच वेळी स्वयंपाकघरातली अंडी बाहेर काढून पुरायला लावली. मुलांना सध्या उसळ मिळते आहे.

गटाची बैठक मात्र सोपी नव्हती. धुरपदाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की पोरीने मोजे घातले नसते तर काही झालंच नसतं. आई अध्यक्ष, पण तिने माझी बाजू घेतली नाही की सोडलीही नाही. दुसरा कागद काय म्हणतो ते येऊ द्या, एवढंच बोलली. बाबांना दोन-तीन दिवस काहीही विचारा, बठ्ठं ठीक शे, सगळं ठीक आहे, इतकंच म्हणतात आणि शेडवर सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी भरायला जातात. मला हात लावू देत नाहीत. लेकीचे कष्ट वाचवत असतील.

दुसरे नमुने सोबत आहेत. कळवायला उशीर करू नका.
आपली, ललिता


धुळे
२५ नोव्हेंबर २०२४

चि. ललिता हिला अ. उ. आ.

साल्मोनेला सापडला नाही. पण हे वाचून नाचू नकोस, पुढचं वाच.

सापडला नाही, कारण काहीच सापडलं नाही. कोंबडीच्या विष्ठेत नेहमीचे, निरुपद्रवी असे कितीतरी जंतू असतात. आम्ही जंतू वाढवतो त्या प्लेटवर ते भरभरून उगवायला हवेत. दोन्ही खोल्यांच्या प्लेट धुतलेल्या ताटासारख्या कोऱ्या आल्या. तुझ्या मोज्यांत खोट नाही. कोंबड्यांच्या पोटात औषध गेलं आहे. ते पाण्यातूनच जातं.

पाणी कोण भरतं हे तूच मागच्या पत्रात लिहिलंस. पोरी, तू त्याला विचारू नकोस. हे पत्र त्याच्या हातात दे. दादा, मी धाकटा आहे, तुला जाब विचारायचा मला हक्क नाही. पण या साफ कागदावर विसंबून शाळा पुन्हा अंडी घेईल, आणि त्यावर सही तुझ्या लेकीची असेल. आता काय ते तू ठरव.
रोहिदास


मालापाडा
२९ नोव्हेंबर २०२४

चि. रोहिदास यास दादाचा आशीर्वाद.

मी चौथी शिकलो, तू हसू नको. पावडर मीच दिली. तालुक्याच्या दुकानातला माणूस म्हणाला, चार दिवस पाण्यात टाका, कागद साफ येईल. मला वाटलं, पोरीने सही केली आहे, तिचं नाव गावात खाली जायला नको. तिला माहीत नव्हतं. तुझ्या वहिनीला, चमेलीला पण नव्हतं.

तुझं पत्र ललिताने वाचून माझ्या हातात दिलं आणि पाण्याची बादली उचलून स्वतः शेडवर गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. काल मी गटाच्या नऊ बायांना बसवून सांगितलं. चमेली उठून शेतात निघून गेली. मग शाळेत गेलो. बाईंनी मला खुर्ची दिली, मी उभ्यानेच सांगितलं. तो कागद खोटा आहे, पोरीचा दोष नाही, माझा आहे, असं.

आता पुढे काय करायचं ते तू लिही. तू सांगशील तसं करीन.
वेस्ता


मालापाडा
३ फेब्रुवारी २०२५

ती. काकांना सा. न. वि. वि.

संक्रांतीला तुम्ही आलात, आईचा रुसवा गेला आणि तुमचं वजन वाढलं, असं काकू म्हणतात. तेव्हा बोलायचं राहिलं ते आणि त्यानंतरचं लिहिते.

तुम्ही बाबांना कळवलं होतं तसं औषध बंद करून तीन आठवडे थांबलो. तोवरची सगळी अंडी पुरली. मग पहिली खोली पुन्हा दोषी आली, तेव्हा सरकारी डॉक्टरांच्या समोर त्या सव्वाशे कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. ते तुम्ही पाहिलं नाहीत, बरं झालं. चुन्याचा खड्डा बाबांनी एकट्याने खणला. धुरपदाबाई सगळ्यात जास्त बोलल्या होत्या, पण शेवटपर्यंत त्याच थांबल्या आणि खोली त्यांनीच घासून धुतली.

दुसरी खोली तुमच्याकडे ओळीने तीनदा निर्दोष ठरली, नेहमीचे जंतू भरपूर उगवून. काल दिपमालाबाईंनी निरोप पाठवला आणि आज सकाळी पहिले सहा ट्रे शाळेत गेले. अंडी निम्मीच आहेत, म्हणून मुलांना सध्या एकाआड एक दिवस मिळतील. आई स्वतः घेऊन गेली. परतल्यावर तिने बाबांना जेवायला हाक मारली. दोन महिने तिने त्यांना हाकच मारली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

एक सांगायचं राहिलं. मागच्या बाजारात अडावदच्या बाजूचे झुलालभाऊ भेटले. त्यांचं मोठं शेड आहे. ते बाबांना म्हणाले की पावडरने कागद साफ येतो असं ऐकलं, खरं का? भोवती दहा-पंधरा माणसं होती. बाबांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न लपवता. कागद साफ येतो, भाऊ, पण मग आपल्याच पोरीकडे बघता येत नाही, असं म्हणाले. मी शेजारी भाजी घेत होते. माझ्याकडून कितीतरी वेळ कोथिंबीर निवडून झाली नाही.

आज आम्ही चहा घेत असताना झुलालभाऊ मोटारसायकलवरून आले. त्यांनी तपासायला टॉवेलात कोंबड्यांची विष्ठा बांधून आणली होती, बर्फाशिवाय, उन्हातून. तसं चालत नाही म्हटल्यावर बिचारे वरमले. मी मोज्यांचा नवा जोड काढला. तेवढ्यात बाबा उठले, तो माझ्या हातातून घेतला आणि फेरे कसे घ्यायचे ते अंगणात चालून दाखवू लागले.

तुम्ही आणि काकूंनी हसावं म्हणून कळवलं. आशीर्वाद कमी पडू देऊ नका.
आपली, ललिता