पिस्तूल अजून ठरायचंय

टर्की क्रीकच्या खडीच्या रस्त्यावरचं शेवटचं घर,
मिसुरी.
नोव्हेंबरचा दुसरा रविवार, चर्चहून आल्यावर.

आदरणीय इमोजीनताईस,

धाकट्या ग्लेंडाचा, गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझं खुब्याचं दुखणं कसं आहे? डॉक्टरांनी दिलेली काठी वापरतेस की दाराआड उभी करून ठेवलीस? (ठेवलीच असणार. आपल्या घराण्यात काठी पाहुण्यांना दाखवण्यापुरती असते.) रे भावोजी गेल्यापासून त्यांचं मांजर त्यांच्याच खुर्चीत बसतं, दुसऱ्या कुणाला बसू देत नाही, असं लिहिलं होतंस. बसू दे बिचाऱ्याला. तुझ्या त्या तिसऱ्या मजल्यावर तेवढीच जाग.

तुझं पत्र पोचलं. पहिली चार पानं वाचून आनंद झाला आणि पाचवं वाचून जीव जळला. डॅरलाचं बरोबर आहे म्हणे, एकोणसत्तराव्या वर्षी बाईमाणसाने डांबरी रस्त्यापासून तीन मैल आत एकटीने राहू नये म्हणे! डॅरला माझी पोटची पोर, तिला मी काय बोलू? पण तूसुद्धा, ताई? लहानपणी मी विहिरीच्या काठावर चालायचे, तेव्हा आईला सांगणार नाही म्हणून शपथ घेणारी तू!

तुला सगळं नीट ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. मे महिन्यात कुणी मेल्याने माझ्या ट्रकच्या खालचा धूर गाळायचा डबा कापून नेला. (त्यात म्हणे सोन्याहून महाग धातू असतो. चाळीस वर्षं मी त्या ट्रकमधून कोंबड्यांचं खाद्य आणतेय, मला कुणी सांगितलं नाही.) मला पत्ता नाही. रविवारी ट्रक सुरू केला तर असा डरकाळला की पास्टरांनी प्रार्थना मध्येच थांबवली, वादळ आलं समजून निम्मी मंडळी तळघराकडे निघाली. ही बातमी डॅरलाला कळायला तासही लागला नाही. ती तडक कॅन्सस सिटीहून आली, ती 'शांत सावली' नावाच्या वृद्धाश्रमाचं रंगीत पत्रक घेऊनच. ताई, तिथे रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला देतात! मी म्हटलं, या घरातून मला उचलूनच न्यावं लागेल. खूप रडारड झाली, दोघींची. शेवटी ती म्हणाली, "आई, थँक्सगिव्हिंगला मी येईन. तोवर एखादं पिस्तूल घे आणि चालवायला शीक. नाही जमलं तर तुझं नाव तिथे नोंदवते, मग तू माझ्याशी बोललीस नाही तरी चालेल." तर असा सगळा मामला आहे. घर राहतंय की जातंय, ते पिस्तुलावर.

आता पैसे. माझा ऑर्व्हिल गेल्यापासून पडून असलेली त्याची मासेमारीची बोट विकली, तिचे चारशे आले. (तो असता तर हजारावरून हलला नसता, आणि बोट अजून तिथेच कुजत पडली असती.) चारशे घेऊन गेले हर्शेलच्या बंदुकांच्या दुकानात. हर्शेल म्हणजे ऑर्व्हिलचा जिवलग मित्र. दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून त्याच बोटीत हा ऑर्व्हिलसमोर बसायचा. तो म्हणाला, "वहिनी, चारशेतले शंभर आधी बाजूला काढा. काडतुसं, कानावरचे गोळे आणि कुलपाची पेटी. लोक पिस्तूल घेतात आणि मग घरी जाऊन त्याच्याकडे बघत बसतात." मला पटलं. मग मी काचेतलं सर्वांत लहान, गुलाबी मुठीचं दाखवायला सांगितलं. हर्शेलने मला मागच्या आवारात नेऊन बार काढू दिला. अगं बाई! माझा चष्मा टोपीवर गेला. तेव्हा कळलं की पिस्तूल जितकं लहान आणि हलकं, तितका दणका मोठा. तुझ्या शेजारणीच्या कुत्र्यासारखं. मग एक मोठं दिलं, त्याचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय गोळी चढत नाही. मी ओढला. दोन्ही हातांनी ओढला. दुकानात उभ्या तीन गिऱ्हाइकांनी श्वास रोखून धरला. तो काही हलेना. (माझ्या बोटांचे सांधे तुला माहीत आहेत, लोणच्याची बरणी उघडायला मी मीटर वाचणाऱ्याची वाट बघते.) मग त्या तिघांनी एकदम सल्ले द्यायला सुरुवात केली, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, आणि मी तशीच घरी आले.

त्यात मला दुर्बुद्धी सुचली. जूनमध्ये आपल्या हौशी अग्निशामक दलाचं मासळीचं जेवण असतं, त्यात दहा डॉलरला एक अशी सोडतीची तिकिटं. पहिलं बक्षीस नवंकोरं पिस्तूल. मी पाच घेतली. पन्नास गेले. आणि ताई, माझा नंबर लागला! दुसऱ्या बक्षिसाला. अर्धं डुक्कर, कापून, कागदात गुंडाळून. फ्रीझरचं झाकण लागेना, वर ऑर्व्हिलची अवजारांची पेटी ठेवली तेव्हा कुठे बसलं.

आता एवढं मांस एकटी बाई खाणार किती? म्हणून शनिवारी हर्शेलला जेवायला बोलावलं, तेवढ्यात पिस्तुलाचंही विचारावं म्हणून. त्याने लोवेलला आणलं. लोवेल म्हणजे आपला निवृत्त टपालवाला, बायको जाऊन सहा वर्षं झालेला. लोवेलने टॉवेलात गुंडाळून स्वतःची तीन पिस्तुलं आणली, हातात घेऊन बघा म्हणून. पुढच्या शनिवारी शेरीफची डेप्युटी ट्रिना आली, मे महिन्यात ट्रकच्या चोरीची नोंद करायला आलेली पोलीस पोरगी. तिने दोन आणली आणि कॉर्नब्रेडचे चार तुकडे खाल्ले. तेव्हापासून दर शनिवारी कोठारामागच्या मातीच्या बांधावर डबे लावायचे, बार काढायचे, मग जेवण. हर्शेल म्हणतो बाईमाणसाला रिव्हॉल्व्हरच बरं, अडकत नाही. लोवेल म्हणतो, सहा गोळ्यांनी काय होणार? हर्शेल म्हणतो, पहिल्या सहांत लागलं नाही तर सोळांनी काय दिवे लावणार? यावर एका शनिवारी दोघे चाळीस मिनिटं भांडले आणि बरगड्या निवल्या. मी मध्ये पडत नाही. ऐकावे जनाचे, आणि खीर ढवळावी. (ट्रिनाने निशाणाला जुनी टपालपेटी लावली तर लोवेलने ती काढून छातीशी धरली. एकतीस वर्षं ज्यात पत्रं टाकली त्यावर गोळी झाडू देणार नाही म्हणाला. मला तो त्या दिवशी फार आवडला.)

बोलता बोलता लोवेलने फाटकाची बिजागरी बसवली. ट्रिना गस्तीच्या वाटेवर रोज एकदा या रस्त्याने वळून जाते, "मावशी, ठरलं का?" असं खिडकीतून ओरडते. हर्शेलने ट्रकखाली नवा डबा बसवला आणि त्याला लोखंडी जाळी ठोकली. बावीस शनिवार झाले. एकवीस पिस्तुलं हाताळून झाली. माझा नेमही आता वाईट नाही, दहातले सात डबे पडतात. पण ठरत मात्र नाही. हे जड, ते कडक, हे छान पण पाचशेचं. तेव्हा डॅरलाला तू मोठी मावशी म्हणून एक फोन कर, आणि म्हणावं आईला आणखी थोडी मुदत दे, अशा गोष्टी घाईने करू नयेत. तुझं ती ऐकते.

प्रकृतीस जप. मांजराला माझा लोभ सांग.

तुझी,
ग्लेंडा

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. पिस्तूल मी जूनमध्येच घेतलं. डुक्कर जिंकलं त्याच्या दुसऱ्या सोमवारी. बँकेच्या कुण्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं जुनं रिव्हॉल्व्हर, मूठ झिजलेली, जड, म्हणून दणका कमी, दोनशे साठ. उरलेल्या नव्वदात पेटी, कानाचे गोळे आणि काडतुसं. हातात घेतलं आणि कळलं, हेच. तो सरकारी फॉर्म भरायला लागतो ना, त्यात वजन विचारतात! आणि खोटं लिहिलं तर तुरुंग, असं छापलेलं. तेव्हा तीस वर्षांत पहिल्यांदा मी खरं वजन लिहिलं. हर्शेलने वाचलं आणि मान वर केली नाही. शनिवारी सगळ्यांना सांगायचंच ठरवलं होतं. पण लोवेल केस कापून, टोमॅटोची पिशवी घेऊन, टॉवेलातली पिस्तुलं सांभाळत पायऱ्या चढताना दिसला, आणि माझ्या तोंडून निघालं, "अजून काही ठरत नाही बाई!"

ता. क. २. तू विचारशील, हर्शेलला तर माहीतच होतं. हो ना! पाच महिने तो दर शनिवारी नवं पिस्तूल घेऊन येतो, ते कसं चांगलं ते मला समजावतो, आणि मी मान डोलावते. काल भांडी पुसताना मी विचारलं, अरे, तू कुणाला बोलला कसा नाहीस? तर म्हणतो, "वहिनी, बोट तुम्ही विकलीत. मग शनिवारी मी जायचं कुठे?" आणि अक्रोडाच्या केकचा दुसरा तुकडा घेतला. मला रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं. (कांदा नव्हताच. भांडी पुसत होतो.)

ता. क. ३. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी टेबलाशी हर्शेल, लोवेल, ट्रिना आणि डॅरला एवढे असतील. डॅरलाला रिव्हॉल्व्हर दाखवलं नाही तर घर जातं. दाखवलं तर सर्वांसमोर माझं ठरलं, आणि शनिवार जातात. मी पाच महिने विचार केला, वाट एकच आहे. तू आदल्या दिवशी, बुधवारच्या बसने ये. जेवण झालं, मी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, सगळे वाहवा म्हणाले, की तू काठीवर टेकून हळूच म्हणायचंस, "मलाही एखादं घ्यावंसं वाटतंय, पण मला यातलं ओ की ठो कळत नाही." हात दुखतात तेही सांग. आणि पैसे दोनशेच आहेत म्हण, ताई, हे विसरू नकोस. पैसेवाल्याची खरेदी दहा मिनिटांत उरकते, तिला कुणी जेवायला येत नाही. तुझं ठरायला निदान दोन वर्षं लागली पाहिजेत.

मला तू इथे हवी आहेस. पिस्तुलाचा विषय नसता निघाला तरी हे लिहिणारच होते, धीर होत नव्हता इतकंच. मागची खोली झाडून, उबदार चादर घालून ठेवली आहे. मांजरालाही आण. ऑर्व्हिलची खुर्ची रिकामीच आहे.