रिमोटने सोनं

१९ सप्टेंबर २००९, शनिवार
आज घट बसले. मीही एक निर्णय घेतला. दसऱ्याला दिगंबरकाकांना आपट्याचं सोनं द्यायला मी जाणार नाही, माझी रिमोटची गाडी जाईल. काका समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात, पण पाडव्यापासून बोलणं बंद आहे. त्या दिवशी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी पार्किंगच्या नव्या आखणीवर चाळीस स्लाइड्स दाखवल्या आणि शेवटी काकांनी विचारलं, की ह्यात माझी स्कूटर कुठे आहे? सगळी मीटिंग हसली. स्कूटर राहिली होती हे खरं, पण तो डेटाचा प्रश्न आहे.

उत्कर्षाचं म्हणणं, काका दिवाळीनंतर कायमचे मुलीकडे विश्रांतवाडीला चाललेत, आता तरी बायकोचं ऐका आणि स्वतः जा, नाहीतर संबंध संपलेच. म्हणून तर गाडी! सोनं पोचेल आणि मी जाणार नाही. असा विचार करायला अनुभव लागतो.

२० सप्टेंबर, रविवार
ऑनसाइटला परदेशी होतो तेव्हा आणलेली गाडी माळ्यावरून काढली. जुना स्पीड कंट्रोलर मेलाय, नवा बसवला. बॅटरी आणि मोटर यांच्यामधली काड्यापेटीएवढी डबी. रिमोटचा ट्रिगर किती ओढला ते बघून मोटरला किती करंट सोडायचा हे ती ठरवते. थोडक्यात, टीम लीड. मॅन्युअल वाचलं नाही. मी इंडस्ट्रीत काल नाही आलो.

संध्याकाळी: डबी नुसती पीं पीं करते. गाडी ढिम्म.
चहा घरीच घेतला. पूर्वी रविवारचा चहा काकांकडे असायचा. तशी काही आठवण वगैरे येत नाही.

२२ सप्टेंबर, मंगळवार
पीं पीं चालूच. काका जिन्यात उत्कर्षाला म्हणाले म्हणे, की कोंबडीची पिल्लं पाळायची तर सोसायटीची परवानगी लागते. मी दुर्लक्ष केलं. उत्कर्षा बराच वेळ हसत होती. एवढं हसायची गरज नव्हती.

लंच टाइममध्ये मॅन्युअल चाळलं (वाचलं नाही). आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी. मी उलट करत होतो. त्यानंतर डबीला ट्रिगर शिकवायचा: हा सोडलेला, हा पूर्ण ओढलेला, हा पूर्ण ढकललेला, आणि दर वेळी बटण दाबून सांगायचं की बाई, हे लक्षात ठेव. मला हे माहीत होतंच, फक्त आठवत नव्हतं.

२३ सप्टेंबर, बुधवार, ऑफिसला निघताना
शिकली! ट्रिगर ओढला आणि गाडी सुसाट निघाली. मागे. थेट सोफ्याखाली. मोटरच्या दोन वायरी उलट लागल्यात. किरकोळ काम आहे, पण सोल्डरिंग गन शोधावी लागेल. रविवारी नक्की.

२५ सप्टेंबर, शुक्रवार
शांतपणे विचार केला. वायरी बदलायची गरजच नाही. गाडी मागे जाते ना, मग मागची बाजू हीच पुढची म्हणायची! क्लायंटला आपण वर्षानुवर्षं हेच सांगत आलोय. सोन्याची ताटली मागच्या बंपरला बांधली.

ऑफिसातल्या अभयला दाखवलं. तो म्हणाला, की रिव्हर्समध्ये एवढ्या स्पीडला स्टिअरिंग हातात राहत नाही. अभय टेस्टिंगमध्ये आहे. त्याला पोह्यातसुद्धा बग दिसतो.

२७ सप्टेंबर, रविवार, खंडेनवमी
उत्कर्षाने मिक्सर, लॅपटॉप आणि गाडी एकाच पाटावर मांडून पूजा केली. कुंकू डबीच्या बटणात गेलं. फुंकर मारली. डोळ्यांत गेलं.

सोल्डरिंग गन सापडली. आता गरज नाही.

डबीत आणखी एक सोय आहे: बॅटरी उतरली की ती आपणहून मोटर बंद करते. हे सेटिंग मी सगळ्यात वर नेऊन ठेवलं. सेफ्टी फर्स्ट. त्यामुळे गाडी हॉलमध्ये एक-दोन फेऱ्या मारते आणि थांबते. काकांचं दार एका फेरीच्या आतच येतं, तेव्हा प्रश्नच नाही.

उत्कर्षाने विचारलं, की गाडी तिथे पोचल्यावर काकांशी बोलणार कोण? मी म्हटलं, गाडी बोलत नाही. ती म्हणाली, तुम्ही तरी कुठे बोलता.

२८ सप्टेंबर, सोमवार, दसरा, दुपारी
सगळं रेडी. मजल्यावरची मंडळी बघायला येणार आहेत. मी माझ्या उंबऱ्याच्या आतच उभा राहीन. तत्त्व म्हणजे तत्त्व.

संध्याकाळी, जेवणाआधी
डेमो झाला. उत्कर्षाने काकांची बेल वाजवली. काका दार उघडून उभे राहिले. मी ट्रिगर ओढला. गाडी सुरुवातीला अगदी सरळ गेली. मग तिने जी गिरकी घेतली ती शेजारच्या सोजरबाईंच्या रांगोळीतून. ताटली उडाली, सोनं सगळीकडे पसरलं. गाडी काकांच्या पायांशी जाऊन थांबली आणि पीं पीं करत बसली. बॅटरी वाचवली तिने. डिझाइनप्रमाणेच.

काका खाली बघत राहिले. गाडी परत चालू करायची तर तिच्यावरचाच स्विच दाबावा लागतो, त्यामुळे जाणं भाग पडलं. गेलो. वाकलो. तेवढ्यात डोक्यावर हात आला. काका म्हणाले, की असू दे, असू दे, सुखी राहा. मजल्यावर टाळ्या!

मी सांगणार होतो, की अहो काका, मी स्विचसाठी वाकलोय. पण वर बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले. म्हणाले, की मला वाटलं आता तू येत नाहीस. मग त्यांनी खाली बसून पसरलेलं सोनं वेचलं आणि त्यातलंच मला दिलं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

घरी आल्यावर उत्कर्षाला स्पष्ट सांगितलं, की तो नमस्कार नव्हता, मी स्विच शोधत होतो. तिने गाडी उचलली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि विचारलं, की स्विच तर वरच आहे, चांगला लालभडक, मग उठायला एवढा वेळ का लावलात?
पानं घेतली आहेत. जेवायला जातो.