विश्राम माफी मागत नाही

अमरावती, ३ जाने. १९६७
शाळेतून येताना लायब्ररीतून 'हेर विश्राम'चा पुढचा भाग आणला. हे दारातच वाट पाहत होते. चहा तसाच निवला. फौजदारकीतून निलंबित झाल्यापासून ह्यांचं दिवसभर हेच. विश्राम, त्याची दारू, त्याचे घातपाती.

५ जाने.
ह्यांचं झालं की मीही वाचते. खोटं कशाला बोलू, हातातून सुटत नाही. विश्राम पितो, बायकोशी वाईट वागतो, वरिष्ठांना जुमानत नाही. पण पुलाखाली सुरुंग सापडला की त्याचा हात कापत नाही. आणि शेवटी साहेब स्वतः घरी येतात बोलवायला. आमच्याकडे दाढी करताना वस्तरा थरथरतो. रक्त मीच पुसते.

८ जाने.
माझे नानामामा वकील, ह्यांची केस तेच बघतात. येऊन गेले. "जावईबापू, तोंडानं एवढंच म्हणा, चूक झाली. भोई चांगला माणूस आहे."
पासष्टच्या लढाईच्या दिवसांत वलगावच्या पुलावर ह्यांचा बंदोबस्त. पिऊन होते. संध्याकाळी जाळं टाकणारा भोई ह्यांना घातपाती दिसला, त्याचा हात मोडला. त्याला फक्त माफी हवी आहे. हे मान डोलवत होते. आज प्यायलेही नाहीत. देवा, एवढं एक होऊ दे.

अकोला, १२ जाने.
खात्याची चौकशी आज इथे. मी बाहेर बाकावर, दार उघडंच. भोई म्हणाला, "सायबाच्या पोटावर पाय द्याचा नाई मले जी. चुकलो म्हना, झालं." मोठ्या साहेबांनी दोनदा विचारलं. हे खिडकीबाहेर पाहत उभे. मामांनी कोपर मारलं, तरी शब्द नाही.
ते उभं राहणं मी ओळखलं. खांदा तिरपा, हनुवटी वर. विश्राम वरिष्ठांपुढे असाच उभा राहतो.

अमरावती, १३ जाने.
येताना बसमध्ये विचारलं, "काहून बोलले नाही तुमी?"
"खुलासा देनारा मानूस लहान होते. मंग समजन त्यायले."
मी खिडकीकडे तोंड करून रडले.

२ फेब्रु.
बडतर्फ. कागद आला. ह्यांनी घडी घालून उशीखाली ठेवला. "पाहजो, साहेब येतीन घरी." रस्त्यावर मोटार वाजली की उठून सदरा घालतात. मला आता राग येत नाही, त्याचीच भीती वाटते.

१७ फेब्रु.
नवा भाग आला. लायब्ररीवाला म्हणाला, "बाई, यात विश्राम मरते. लोकं शिव्या देऊन वापस करून राहिले."
उभ्याउभ्या शेवट वाचला. खात्यातून काढलेला विश्राम एकटाच पुलावर जातो नि मरतो. प्रेताला खांदा द्यायला साहेब येतात, सगळ्यांसमोर रडतात.
पुस्तक पिशवीत आहे. नाही दिलं तर हे उद्या स्वतः जाऊन आणतील. दिलं तर...
आतून ह्यांनी विचारलं, "भेटलं का?"
थांबा, म्हटलं, पाय धुऊन येते.