दादांचे शर्ट कामाला लागले

वन्सं,

त्या सकाळी मी शटर अर्धं वर केलं, टेबलावरचं कांबळं झटकलं, इस्त्री तापत ठेवली आणि मग लक्षात आलं, की दुकानात इस्त्री करायला एकही कपडा नाही. (नमस्कार आधी लिहायचा असतो, तो इथे करते. गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला साधाच होता ना?) साथ आल्यापासून सगळे घरात, आणि घरात बसलेल्या माणसाला कडक घडी कशाला लागते? कॉम्प्युटरवर मीटिंगा करणारे तेवढे शर्ट पाठवतात. पँट बघायला मिळत नाही. बँकेतले साहेब तर म्हणाले, "काकू, कॉलर आणि पुढची बाजू करा, पाठ कोण बघतंय?"

रिकामा दांडा बघून लोकांना दुकान बंदच वाटायचं. म्हणून ह्यांचे शर्ट घरून आणून टांगले. (एक ठेवला घरी, न धुतलेला.) दुकान भरलेलं दिसायला लागलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शिक्षिका आली. नवऱ्याची नोकरी गेलेली, दुपारी मुलाखत, आणि घरी बसून पोट असं सुटलेलं, की एकाही शर्टाचं बटण लागेना. आकाशी शर्टाकडे बघून म्हणाली, "हा कुणाचा हो? तासाभरासाठी द्या ना." मी म्हटलं, "ज्यांचा आहे ते मागायला येणार नाहीत, ने." तुमच्या दादांचं पोट तुम्हाला ठाऊक आहेच. शर्ट अगदी बेताचा बसला आणि नोकरी लागली!

आता गल्लीतली सगळी सुटलेली पोटं माझ्याकडे भाड्यानं शर्ट मागतात. जन्मात हा माणूस कुठे वेळेवर पोचला नाही, त्याचे शर्ट मात्र रोज मीटिंगला हजर. दुकान त्यावरच तगलंय. पण थकले हो. शर्ट परत येतो तो परक्या घामाचा. धुते, आणि दर धुण्याला ह्यांचा वास थोडा कमी होतो. दुकान सोडून माझ्याकडे या म्हणता, ते पटतं. महिनाअखेर चावी देऊन टाकते. माझी खोली झाडून ठेवा.

तुमची वहिनी

ता. क. खोलीची घाई नको. तुमच्या कपाटात ह्यांचा कोट आहे, तो पाठवा. बँकेतल्या साहेबांच्या बढतीची मीटिंग आहे. पोटावरचं तुटलेलं बटण तुम्ही लावू नका, ते माझ्याकडे आहे.

पुन्हा ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी शटर पूर्ण वर केलं आणि घरी ठेवलेला तो शर्ट धुवायला घेतला.