वळणावरची कटकट

रविवार, ५ मार्च १९९५

परत तेच! गाडी पेठेतून डावीकडं वळवली की गंगाचं सुरू — "अहो, पुढून कटकट येतीया." मी म्हणालो, कटकट मागच्या सीटवरून येतीया. आमची पोर कावेरी हसली. तिची आई हसली नाही.

सेकंडहँड का होईना, गाडी घेतली म्हणून अर्ध्या पाटोद्याच्या पोटात दुखतंय ते कळतं मला. पण घरच्या माणसानंही? चालवतो मी. आवाज असता तर आधी मला आला असता की नाही?

मंगळवार, ७ मार्च

गंगाचं तोंड बंद व्हावं म्हणून सटवा मेकॅनिककडं गेलो. शेजारी बसला, मैदानात गोल गोल फिरवायला लावली. "येतोय की शेठ. लई कटकट करतीया." मला काहीच नाही. म्हणे, ह्या गाडीत ओढायचं काम पुढच्या चाकांचं, एक्सलचा सांधा झिजला असंल, खोलून बघू. खोलू नकोस म्हणालो. मेकॅनिकला आवाज येणारच. न्हाव्याला सगळ्यांचेच केस वाढलेले दिसतात.

डोकं भणभणतंय. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईकंसुद्धा हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. छबुबाईनं अस्तर मागितलं, मी चादर काढली. चारचौघी हसल्या. नीट बोलावं ना माणसानं! फोनची लाइनही खराब, नुसती पुटपुट.

शुक्रवार, १० मार्च

रविवारी कावेरीला बघायला धर्मापुरीचे येणार. मुलगा वीरेश, परळीत औषधाचं दुकान आहे. वडील भीमाशंकरआप्पा, घराणं चांगलं. पण लई लांब! पोरीची आठवण आली की दिवस मोडून एसटीत बसायचं. गंगाला हे बोललो. कावेरी दारातच होती. हातातला मुलाचा फोटो तिनं परत कपाटात ठेवला.

रविवार, १२ मार्च

चांगलं झालं. भीमाशंकरआप्पा शांत माणूस, बोलणं हळू. वीरेश मान वर करीना, शेवटी कावेरीनंच त्याला दोन-चार प्रश्न विचारले. पोरीचा चेहरा इतका खुललेला मी बघितला नव्हता. लांब तर लांब. द्यायची. मनात पक्कं केलं, पण म्हटलं पहिला शब्द त्यांच्याकडून येऊ दे. आपली मुलीची बाजू.

स्टँडवर सोडायला मीच निघालो. आप्पा शेजारी, मागं वीरेश आणि गंगा. स्टँडच्या वळणावर आप्पा माझ्याकडं झुकले, काहीतरी म्हणाले. झालं! पाहुण्यांनाही आवाज! चिडायचं नाही ठरवलं. हसत म्हणालो, "सोडून द्या हो आप्पा. सगळे मनाचे खेळ. मी काय मनावर घेत न्हाई."

आप्पा मागं सरकून काचेबाहेर बघू लागले. बस लागेपर्यंत कुणीच बोललं नाही. गाडीची लाज वाटली.

मंगळवार, १४ मार्च

गंगाचा अबोला. ताट आपटून पुढ्यात ठेवते. काय झालं विचारलं, तर "तुमी बोललात तेवढं बास झालं." एवढं काय बोललो मी? गाडीबद्दल एक अक्षर सहन होत नाही म्हणून?

कावेरी जेवायला आली नाही.

गुरुवार, १६ मार्च

धर्मापुरीहून निरोप नाही. कशात लक्ष लागेना. थान उलगडतो, परत गुंडाळतो. एसटीडीवरून फोन लावतो म्हणालो तर गंगा, "कावून? कशाला लावायचा?" फक्त एवढंच. पुढं तोंड फिरवून काय बोलली देव जाणे.

ही गाडीच पांढऱ्या पायाची. पाहुण्यांसमोर नाक कापलं. दुरुस्त करतो आणि विकून टाकतो.

शुक्रवार, १७ मार्च

सटवाकडं. त्यानं गाडी जॅकवर घेतली, चाकं पुरती वळवली, इंजिन चालू करून गिअर टाकला. मी म्हणालो, कुठाय आवाज, दाखव! तर त्यानं एक लांब सळई घेतली. एक टोक चाकामागच्या लोखंडाला, दुसरं माझ्या कानामागच्या हाडाला. "आता ऐका."

कट. कट. कट. कट.

सळई काढली — काही नाही. टेकवली — कट कट. परत काढली. काही नाही.

सटवा म्हणाला, "शेठ, मला तर सळईबिगर त्या झाडापस्तोर ऐकू येतंय. तुमाला न्हाई येत?"

मी सांधा बदल म्हणालो आणि चालत घरी आलो. रस्त्यात कुणाकडं बघितलं नाही. भिंतीवरचं घड्याळ काढलं, कानाशी धरलं. बंद पडल्यासारखं. कानामागं हाडाला टेकवलं तर आत चक्क टिकटिक. दुसऱ्या कानाचं तेच. खाटेवर बसून राहिलो. भीती वाटली, खरंच भीती वाटली. छबुबाई आठवली, फोन आठवला. आणि मग स्टँडचं वळण आठवलं.

गंगाला हाक मारली. म्हणालो, माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं सांग, वळणावर आप्पा काय म्हणाले?

ती आधी चिडली. "चेष्टा करता का?" मग माझ्या हातातलं घड्याळ बघून जवळ आली. कानाशी बोलली.

"ते म्हणले, वीरेशला कावेरी पसंत हाय. तुमच्या मनात काय हाय?"

आणि मी म्हणालो होतो, सोडून द्या. मी काय मनावर घेत न्हाई.

"तुमाला लांब पडतंय म्हणून तुमी मोडलं, असं वाटलं मला," गंगा म्हणाली. "पोरीलाबी तसंच सांगितलं मी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. कावेरीच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती काहीतरी बोलली. पाठ करून होती, ऐकू आलं नाही.

रविवार, १९ मार्च

एसटीनं धर्मापुरीला गेलो, गंगाला घेऊन. भीमाशंकरआप्पांनी पाणी दिलं, बसा म्हणाले असावेत. मी उभ्यानंच बोललो, "आप्पा, मला ऐकू येत न्हाई. त्या दिवशीबी आलं न्हवतं. परत विचारा."

जन्मात असं कुणाला म्हणालो नव्हतो.

 ते उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, कानाला तोंड लावलं आणि विचारलं. तेच विचारलं, वळणावरचं.