गाडीची वेळ सरकत नाही

इगतपुरी, माघ वद्य पंचमी

तीर्थरूप आबांच्या पायांवर दामाचं डोकं.

मी खुशाल आहे. इथे थंडी फार, पण आईने दिलेली घोंगडी पुरते.

रेल्वेच्या फाटकावरून मला काढलं, असं गोमाकाका तुम्हाला सांगून गेला म्हणे. काढलेलं नाही. चूक मात्र झाली, ती माझ्याच तोंडून ऐका. पहिल्या दिवशी मेलगाडी आली तेव्हा सूर्य डोंगराच्या शेंड्यावर होता. दुसऱ्या दिवशी मी दोन घटका उशिराने फाटकावर गेलो. जन्मभर तुमच्याबरोबर खाडीत होडी लोटली. भरती रोज दोन घटका पुढे जाते, तशीच गाडीही जात असेल, असं मी धरून चाललो. ती आली कालच्याच वेळेला. फाटक उघडं, आणि रुळांवर गवताची बैलगाडी! बैल शहाणे, म्हणून सगळे वाचले.

साहेब म्हणाला, "घरी जा, मासे पकड." मी म्हटलं, "चुकलो ते शिकलो, साहेब. एक महिना बघा." आज वीस दिवस झाले. उजाडायच्या आत मी फाटकावर असतो.

होडीसाठी परत ये म्हणता. येणार नाही, आबा. रागावू नका. तुमचा गुडघा कसा आहे? जाळं एकट्याने ओढू नका, शेवंतीच्या नवऱ्याला बोलवा.

सकाळी माझ्या फाटकावरून गेलेली मेल दुपारी आपल्या कोपरीवरून जाते. तिची शिट्टी ऐकलीत की आईला सांगत जा, दामा आजही वेळेवर उभा होता.

तुमचा,
दामाजी